सरपणाचा पाळणा: बांधणी, चाचणी आणि समर्थन

ज्यांना खरोखर लाकूड वाहून न्यायचं आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका नाही. त्यांनी बैलगाडी, टेम्पो किंवा डोकं यांपैकी जे हाताशी असेल ते वापरावं. बदलापूरच्या पुढे बारवी रस्त्याला किंवा चामटोलीच्या बाजूला ज्यांनी दहा-वीस गुंठे घेतले, कुंपण घातलं, आंब्याची चार कलमं लावली आणि सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून एक छोटा ट्रॅक्टरही आणून शेडमध्ये उभा केला, त्यांनी मात्र पुढचं सगळं लक्षपूर्वक वाचावं. दहा गुंठे नांगरायला सकाळचा चहा ते नाश्ता एवढा वेळ लागतो. उरलेलं वर्ष ट्रॅक्टर शेडमधून तुमच्याकडे बघत राहतो. मालकाला कामाची गरज नसली तरी पाच लाखांच्या यंत्राला ती असते, आणि घरातल्यांना तर त्याहून जास्त असते.

तेव्हा पहिली पायरी काम शोधण्याची. रेती वाहण्याचा विचार मनात आणू नका, त्यात महसूल खातं आहे. पाण्याची टाकी वाहता येईल, पण मग शेजारी रोज बादल्या घेऊन येतील. सरपण हे कारण सर्वांत सोज्ज्वळ. त्यात मातीचा वास आहे, आजीची आठवण आहे, आणि अलीकडे त्यात धंदाही आहे. कर्जत रस्त्यावर आणि मुरबाडकडे जाताना दर थोड्या अंतराने ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची मिसळ’, ‘चुलीवरचा चहा’ असे फलक दिसतात. गावातल्या बाया गॅस सिलिंडर मिळाला म्हणून सुटकेचा श्वास सोडतात आणि डोंबिवलीची मंडळी धूर खायला मोटार काढून येतात. या धुराला लाकूड लागतं. ते तुम्ही पुरवणार आहात, असं घरी सांगावं.

दुसरी पायरी सल्लागार मंडळाची. ते नेमावं लागत नाही, शेडचं शटर उघडं दिसलं की ते जमतं. त्यात अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक काका असतातच. ते मिलिमीटर हे माप मानत नाहीत, त्याच्या शंभराव्या भागापासून बोलायला सुरुवात करतात, आणि तुमच्या चॅनेलला व्हर्नियर लावून ‘च्‌’ असा आवाज काढतात. एक मेहुणा असतो. त्याने कॅनडातल्या कुणाचातरी व्हिडिओ पाहिलेला असतो. त्या व्हिडिओत बर्फ असतो, देवदाराचे ओंडके असतात आणि ते उचलायला हायड्रोलिकचा पंजा असतो. बारवीच्या रस्त्याला यातलं काहीच नसतं, पण मेहुण्याला विरोध करायचा नसतो. तिसरे म्हणजे शेजारच्या गावातले खरे शेतकरी दादा. त्यांना या टप्प्यावर बोलावू नये. ते एकच प्रश्न विचारतात, “कशाला पायजेल?” आणि या प्रश्नाला अजूनपर्यंत कोणत्याही अवजाराने उत्तर दिलेलं नाही.

आता अवजाराविषयी, म्हणजे पाळण्याविषयी. ट्रॅक्टरच्या पाठीमागे तीन जागा असतात: खाली दोन आर्म, वर मधोमध टॉप लिंक. या तीन बिंदूंवर अडकवलेलं काहीही हायड्रोलिकच्या खटक्याने उचललं जातं. ही युक्ती हॅरी फर्ग्युसन नावाच्या आयरिश गृहस्थाची. १९३८ साली त्याने आणि हेन्‍री फोर्डने नुसत्या हस्तांदोलनावर व्यवहार ठरवला, कागद केला नाही, आणि १९३९ मध्ये दोघांचा ट्रॅक्टर बाजारात आला. पुढे म्हाताऱ्या फोर्डच्या नातवाने तो व्यवहार मोडला, पण तीन बिंदूंची जोडणी मात्र स्वतःच्या नव्या ट्रॅक्टरवर तशीच ठेवली. फर्ग्युसनने २५ कोटी डॉलरहून मोठा दावा ठोकला आणि १९५२ साली साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड केली. ही हकिगत पाळणा बनवून देणाऱ्या उल्हासनगरच्या कारागिराला सांगून पाहा. तो शांतपणे विचारेल, “नमुना समोर होता ना? मग कॉपी केली तर बिघडलं काय?”

त्याचं बरोबर आहे. त्याच्या गावाचा पाया १९४९ च्या ८ ऑगस्टला राजगोपालाचारींच्या हस्ते घातला गेला. त्याआधी ती कल्याणजवळची लष्करी छावणी होती. फाळणीत घर, दुकान, गाव, सगळं सिंधमध्ये सोडून आलेली माणसं तिथल्या बराकींत येऊन पडली. भांडवल नव्हतं, ओळख नव्हती, पण दुसऱ्याच्या दुकानात दिसलेली वस्तू दोन दिवसांत त्याहून स्वस्त बनवून देण्याची हिंमत होती. त्यातून पापड, बिस्किटं, फर्निचर, जीन्स असं एक अख्खं शहर उभं राहिलं. म्हणून या मार्गदर्शिकेतली सर्वांत महत्त्वाची सूचना अशी: वर्कशॉपमध्ये जाताना नकाशा नेऊ नका. ऑर्डनन्सवाल्या काकांनी आलेख-कागदावर तीन बाजूंनी काढलेलं चित्र तुमच्या खिशात असेल, ते खिशातच राहू द्या. उल्हासनगरचा कॅम्प चार असो की पाच, काउंटरमागून पहिला प्रश्न एकच येतो, “सँपल लाया क्या, साईं?”

सँपल आणणं ही चौथी पायरी. (तिसरी पायरी वर सांगून झाली, ती लक्षात आली नसेल तर पुन्हा वाचावं.) मुरबाडकडच्या कुणा ओळखीच्याकडे असा एखादा पाळणा असतोच. खाली आडवी चौकट, तिला मागे निघालेले चार-पाच दात, पुढे उभी जाळी. लाकडं दातांवर रचायची, उचलायची, न्यायची. दोन दिवसांसाठी तो मागून आणावा. सोबत येणारी एक गोष्ट नीट पाहून ठेवावी: ट्रॅक्टरला जोडायच्या त्याच्या डाव्या कानाच्या वरच्या बाजूला एक जादा भोक असतं. ते कशासाठी आहे हे मालकाला ठाऊक नसतं. त्यानेही पाळणा सँपलवरूनच बनवून घेतलेला असतो.

कारागीर सँपल पाहतो, त्याला एकदा लाथ मारून आवाज ऐकतो, आणि भाव सांगतो. भाव किलोवर असतो. म्हणजे तुमच्या कल्पकतेला, काकांच्या अचूकतेला आणि फर्ग्युसनच्या पेटंटला मिळून शून्य रुपये, आणि लोखंडाला रोजचा दर. हे न्याय्य आहे. इथेच ‘थोडं हेवी बनवा’ म्हणण्याचा मोह होतो, तो आवरावा. का, ते पुढे वजनाच्या हिशोबात कळेल.

काही मापं मात्र कारागिराच्या नजरेवर सोडू नयेत, कारण ट्रॅक्टर ती मापं मोजूनच स्वीकारतो. छोट्या ट्रॅक्टरची जोडणी बहुधा कॅटेगरी एकची असते. तिच्या खालच्या पिना २२ मिलिमीटरच्या, वरची १९ ची. खालच्या दोन कानांमधलं अंतर ६८३ मिलिमीटर, आणि खालच्या पिनांपासून वरच्या पिनेपर्यंतची उंची ४६०. काही अगदी चिमुकल्या ट्रॅक्टरांची जोडणी याहून अरुंद असते, तेव्हा आपल्या ट्रॅक्टरला फीत लावल्याशिवाय घर सोडू नये. पिना स्पेअर पार्ट्सच्या दुकानातून तयार घ्याव्यात. मिस्त्री म्हणेल, “सळई कापून देतो ना,” तर नम्रपणे नको म्हणावं. बांधकामाची सळई वाकते, ती अंगाने गोल नसते, आणि भोकात ती ढील राहिली की दर खड्ड्याला घंटा वाजते.

चौकटीला ७५ चं चॅनेल पुरेसं आहे, कानांना १० मिलिमीटरची प्लेट, दातांना जाड भिंतीचा चौकोनी पाइप. भंगारातून माल घ्यायला हरकत नाही, इकडे भंगार हा स्वतंत्र व्यवसाय आहे. फक्त दोन गोष्टी टाळा. ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे दात म्हणून मोहक दिसतात, वाकलेलेही असतात, पण त्या पोलादाला साधी वेल्डिंग मारली की टाक्याच्या कडेला तडा जातो, आणि तो तडा लाकूड भरल्यावरच दिसतो. दुसरं म्हणजे पाण्याच्या लाइनीचा जुना जीआय पाइप. त्यावरच्या जस्ताचा धूर नाकात गेला की मिस्त्रीला रात्री थंडी वाजून ताप येतो आणि काम आठवडाभर पुढे जातं. जस्त घासून काढल्याशिवाय तो पाइप वेल्डिंगला घेऊ नये, आणि घेतलाच तर उघड्यावर.

आधी सगळीकडे नुसते टाके मारायचे. मग गुण्या लावायचा आणि चौकटीचे दोन्ही कर्ण मोजायचे. ते सारखे आले तरच पक्की वेल्डिंग. ही साधी गोष्ट दहापैकी नऊ जण करत नाहीत आणि मग त्यांचा पाळणा आयुष्यभर उजवीकडे तिरका चालतो, आणि मालक रस्त्याला दोष देतो. (रस्त्याला दोष देण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते निराळं.) या कर्णांपाशी ऑर्डनन्सवाल्या काकांना बोलवावं. त्यांचा तेवढाच उपयोग आहे आणि तो मोठा आहे.

आता वजन. हा भाग मन लावून वाचावा, कारण बाकी सगळं चुकलं तर पैसे जातात, हे चुकलं तर माणूस.

छोट्या ट्रॅक्टरच्या माहितीपत्रकात हायड्रोलिकची क्षमता साडेसातशे किलोच्या आसपास छापलेली असते. मेहुणा तो आकडा मोठ्याने वाचतो. तो आर्मच्या टोकाशी मोजलेला असतो, तुमच्या दातांच्या मधोमध नव्हे, हे मेहुणा वाचत नाही. आणि खरी अडचण उचलण्याची नसतेच. समजा ट्रॅक्टर ८५० किलोचा आहे, त्यातले ३४० किलो पुढच्या चाकांवर आहेत, आणि दोन आसांमध्ये दीड मीटर अंतर आहे. मागच्या आसाच्या एक मीटर मागे तुम्ही २०० किलो टांगलेत. तरफेच्या हिशोबाने पुढच्या चाकांवरचे १३३ किलो उतरले, २०७ उरले. एकूण वजनाचा पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर असावा, नाहीतर स्टिअरिंग फिरतं आणि ट्रॅक्टर फिरत नाही, असा साधा नियम आहे. एक हजार पन्नासचा पाचवा हिस्सा २१०. म्हणजे तुम्ही २०० किलोलाच काठावर आलात. ३०० टांगले तर पुढे १४० उरतात आणि चढावर ट्रॅक्टर आकाशाकडे पाहू लागतो. ५०० टांगले तर पुढच्या चाकांवर जेमतेम ७ किलो, लग्नघरच्या कांद्याच्या पिशवीएवढे. हायड्रोलिक तेव्हाही उचलायला तयार असतं. ते फक्त लाकडाऐवजी ट्रॅक्टर उचलतं.

पुढे बंपरला वजनं अडकवून थोडी सोय होते, पण फार नाही. आणि त्या २०० किलोंत पाळण्याचं स्वतःचं ५०-६० किलो लोखंड आहे. ‘थोडं हेवी बनवा’ का म्हणायचं नाही, ते आता कळलं असेल. उरलं लाकूड सुमारे १४० किलो.

ओंडका पाळण्यात मावत नाही म्हणून साखळी टॉप लिंकच्या जागी बांधून तो फरफटत नेण्याची कल्पना कुणालातरी सुचणारच. त्या माणसाला ट्रॅक्टरपासून दूर ठेवा. ओढ मागच्या आसाच्या वरून लागली की ओंडका कुठेतरी अडतो, मागची चाकं जमिनीत रोवली जातात आणि ट्रॅक्टर चालकाला खाली घेऊन मागच्या मागे उलटतो. पाय क्लचपर्यंत पोहोचत नाही. ओढायचं ते खालच्या ड्रॉबारलाच बांधून. या परिच्छेदात विनोद नाही.

रंगाला रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर ऑइलपेंट. रंग ट्रॅक्टरचाच घ्यावा म्हणजे पाळणा कंपनीतून आल्यासारखा वाटतो. नारळ, हळदकुंकू, झेंडूचा हार. मागे लिहिण्याचा मजकूर घरच्यांवर सोपवावा. आईचा आशीर्वाद एका बाजूला आणि मुलांची नावं दुसऱ्या बाजूला, इतकी जागा आडव्या चॅनेलवर असते. टॉप लिंक आखडून दात जरा वर उचललेले ठेवा, म्हणजे लाकडं मागे न घरंगळता जाळीला टेकतात. साइड चेन आवळा, नाहीतर वळणावर पाळणा झुलतो.

पहिल्या फेरीला गर्दी असते. त्या गर्दीत डोंगराकडून उतरणारी एखादी ठाकरीण डोक्यावर मोळी घेऊन थांबते. तिची मोळी पंचवीस-तीस किलोंची. ती मोळी खाली टेकवत नाही, मान न वळवता डोळ्यांनीच पाळणा पाहते.

“शेट, यात किती मावतं?”

“पाचेक मोळ्या.”

“आन् लाकडं वर डोंगरात हायेत. तिथं जाईल का हा?”

या प्रश्नाचं उत्तर देण्याची जबाबदारी मेहुण्यावर टाकावी. ती उत्तरासाठी थांबत नाही, तिला घरी जायचं असतं.

तिचा मुद्दा पाळणा रंगवण्यापूर्वी विचारात घ्यायचा होता, पण मार्गदर्शिकेचा क्रम बदलता येत नाही. लाकूड आणायचं कुठून? आपल्या आवारातल्या झाडाला हात लावण्याआधी १९६४ चा वृक्षतोड नियमन कायदा आठवा. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, हिरडा, मोह, चिंच, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ आहेत. म्हणजे या पट्ट्यात ज्याला ज्याला झाड म्हणतात ते जवळजवळ सगळं. नगरपालिकेच्या हद्दीत असाल तर १९७५ चा शहरी भागासाठीचा निराळा झाडांचा कायदा. कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेची हद्द नेमकी कुठे संपते हे आधी पाहा, ती बहुधा तुमच्या आंब्याच्या अलीकडे संपत नाही. तोडलेलं लाकूड रस्त्यावर आणलं की वाहतूक परवाना लागतो का हे वनखात्यात विचारा. तो नसेल तर १९२७ च्या वन कायद्याप्रमाणे लाकूड, हत्यारं आणि वाहन सगळं जप्त होऊ शकतं. ट्रॅक्टरला पाळणा पिनांनी घट्ट जोडलेला असल्यामुळे तोही जातो. डोक्यावरून घरच्या चुलीसाठी नेलेल्या सुक्या फाट्यांकडे आणि हायड्रोलिकवरून नेलेल्या ओंडक्यांकडे वनरक्षक एका नजरेने पाहत नाही, आणि पाहूही नये. शिवाय एमएच ०५ ची पाटी लावलेला तुमचा ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदवलेला आहे. हॉटेलवाल्याकडून पैसे घेऊन त्यावरून सरपण पोचवणं म्हणजे शेती, हे आरटीओला पटवून देणं अवघड जातं.

उल्हासनगरात ‘आधी बांधा, मग नियमित करून घ्या’ या पद्धतीला मोठा इतिहास आहे. तिथली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी राज्याने २००६ मध्ये खास त्या शहरापुरता कायदा केला. तो इमारतींसाठी आहे. पाळणा त्यात बसत नाही, प्रयत्न करू नये.

कायद्यात निर्वेध बसणारं लाकूड एकाच ठिकाणी मुबलक मिळतं: उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत. पट्ट्या, तुकडे, फोडी, सगळं कापलेलं, कोरडं आणि रस्त्याच्या कडेला. एकच पथ्य पाळा. प्लायवूड आणि एमडीएफचे तुकडे वेचून बाजूला काढा. त्यांतला डिंक जळला की धूर डोळ्यांत झोंबतो आणि ‘चुलीवरचं मटण’ कपाटासारखं लागतं. राहिलेल्या तुकड्यांसाठी मात्र पाळण्याचे दात निरुपयोगी, सगळं मधून खाली पडतं. दातांवर एक पत्रा टाकावा लागतो. पत्रा टाकला की त्याला कडा लागतात, कडा लावल्या की तो खोका होतो. आणि तो खोका घेऊन ट्रॅक्टर बाजाराच्या गल्लीत शिरत नाही. तिथे हातगाडी चालते.

साठवणीचं थोडक्यात. हिरवं लाकूड निम्मं पाणीच असतं, ते दिवाळीनंतर फोडून पावसाळ्याआधीपर्यंत वाळू द्यावं. रास जमिनीपासून वीतभर उंच, वरून झाकलेली आणि बाजूंनी उघडी. जागा निवडताना उल्हास नदीचा मान ठेवावा. २७ जुलै २०१९ ला याच चामटोलीच्या परिसरात महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह पाण्यात उभी राहिली होती. जिथे कोल्हापूरला निघालेली गाडी पुढे जाऊ शकली नाही, तिथे तुमच्या जांभळाच्या ढलप्या जागेवर राहतील अशी आशा धरू नये. त्या वांगणीच्या बदलापूरला येतील, आणि त्याही विनापरवाना.

एवढं सगळं झाल्यावर पाळणा रिकामा राहतो असं समजू नका. शेणखताच्या गोण्या, सिमेंट, कलमांच्या कुंड्या, आजोबांचं कपाट, दीड दिवसाचा गणपती, असं काहीना काही त्यावरून जातच राहतं, पाळण्यासकट २०० किलोंच्या आत. हॉटेलवाला एव्हाना गॅसच्या भट्टीवर आलेला असतो. त्याने पुढच्या बाजूला दिसण्यापुरती एक चूल ठेवलेली असते आणि तिला दिवसाला चार ढलप्या पुरतात.

शेवटची पायरी शेजाऱ्याची. पलीकडच्या वीस गुंठेवाल्याने नुकताच छोटा ट्रॅक्टर आणलेला असतो. एका रविवारी तो येतो, चहा घेतो, पाळण्याभोवती दोन फेऱ्या मारतो आणि म्हणतो, “दोन दिवस देता का? शेणखत टाकायचंय.” शेणखत टाकायचं नसतं, त्याला कॅम्प पाचला जायचं असतं. द्यावा. आपणही असाच आणला होता. जाताना तो डाव्या कानावर बोट ठेवून विचारेल, “हे वरचं जादा भोक कशासाठी आहे हो?”

चेहरा गंभीर ठेवून सांगायचं, “त्याशिवाय बॅलन्स येत नाही. मिस्त्रीला मुद्दाम दाखवा, तो विसरतो.”